मायलिन गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, आणि औषध कशावर ठरतं

प्रश्न असा आहे: एमआरआयच्या किंवा नसांच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘डीमायलिनेटिंग’ असा शब्द आला आहे. हे मायलिन म्हणजे काय, ते एकदा गेलं की परत येतं का, आणि रिपोर्टवर हाच शब्द असलेल्या दोघांपैकी एकाला लगेच स्टेरॉइड चालू करतात, दुसऱ्याला मात्र ‘स्टेरॉइड नको’ म्हणतात, ते कसं?

शेवटच्या भागापासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथेच आहे. डीमायलिनेशन हे आजाराचं नाव नाही. नसेच्या तंतूवरचं आवरण निघालं आहे, एवढंच तो शब्द सांगतो. ते कशामुळे निघालं, याचा त्यात पत्ता नसतो. ताप मलेरियाचाही असतो आणि न्यूमोनियाचाही, तसंच हे. इथे नाव चुकलं तर औषध नुसतं वाया जात नाही, अंगावर उलटतंही. म्हणून असा रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टींची उत्तरं शोधायची. आवरण कुठलं गेलं आहे, मेंदू आणि मज्जारज्जूतलं की हातापायांच्या नसांवरचं? ते कशाने गेलं? आणि आतला तंतू शाबूत आहे का?

आधी रचना पाहू, कारण लक्षणं आणि उपचार दोन्ही तिथूनच समजतात. चेतापेशीपासून निघणारा लांब धागा म्हणजे अक्षतंतू, डॉक्टरांच्या बोलण्यातला ॲक्सॉन. संदेश या धाग्यावरून विजेच्या रूपात जातो. त्याच्याभोवती शेजारच्या पेशी आपलं पातळ पटल गुंडाळतात, कागदाची सुरळी करावी तसं, एकावर एक कित्येक वेढे. पेशीतला द्रव पिळून बाहेर काढला जातो आणि पटलांचे घट्ट थर उरतात. हेच मायलिन. कोरड्या वजनात त्याचा 70 ते 80 टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा, बाकीचा प्रथिनांचा. मेंदूचा आतला भाग पांढरट दिसतो तो याच स्निग्धतेमुळे. मायलिन हे नाव 1854 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी दिलं.

गुंडाळणाऱ्या पेशी दोन जागी दोन वेगळ्या आहेत आणि हा फरक पुढे फार कामाचा ठरतो. हातापायांच्या नसांमध्ये श्वान पेशी असतात. एक श्वान पेशी एकाच तंतूचा एकच तुकडा गुंडाळते. मेंदू आणि मज्जारज्जूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात, आणि एकेक पेशी अनेक हात पसरून 40-50 तुकडे सांभाळू शकते. म्हणजे नसेतली एक श्वान पेशी मेली तर एक तुकडा उघडा पडतो. मेंदूत एक ऑलिगोडेंड्रोसाइट मेली तर आजूबाजूच्या कितीतरी तंतूंची आवरणं एकदम जातात. शिवाय दोन्हीकडच्या मायलिनमधली मुख्य प्रथिनं वेगळी असल्याने एकावर उठलेली प्रतिकारशक्ती सहसा दुसऱ्याला हात लावत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आणि गियाँ-बारे सिंड्रोम, दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्तीच आवरणावर उलटते; पण पहिला मेंदू-मज्जारज्जूपुरता राहतो आणि दुसरं नसांपुरतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आवरण सलग नसतं. साधारण एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचा गुंडाळलेला तुकडा, मग जेमतेम एक मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) उघडी फट, मग पुन्हा तुकडा. या फटीला रानव्हिएची गाठ म्हणतात. गाठ नुसत्या नावाला; ती खरं तर खाच आहे. तिथे सोडियमच्या वाहिन्यांची, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांची, इतकी दाटी असते की एका चौरस मायक्रॉनमध्ये हजारावर भरतात. मायलिनखाली मात्र त्या नगण्य. फटीला लागून दोन्ही बाजूंना मायलिनची टोकं तंतूला घट्ट चिकटलेली, आणि त्यापलीकडे मायलिनच्या आड पोटॅशियमच्या वाहिन्या झाकून ठेवलेल्या. संदेश एका फटीवर पेटतो आणि मधल्या तुकड्यातून न गळता थेट पुढच्या फटीवर जातो. मायलिन असलेल्या जाड तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला 70 ते 120 मीटर असतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये अर्धा ते दोन मीटर. मायलिनशिवाय वेग वाढवायचा एकच मार्ग उरतो, तंतू जाड करायचा. स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याने तेच केलं आहे: त्याचा तंतू अर्धा मिलिमीटर जाड, तरी वेग सेकंदाला 20-25 मीटरच. त्या जाडीचे लाखो तंतू आपल्या पाठीच्या कण्यात मावलेच नसते.

आता हे आवरण निघालं की काय होतं? वीज वाटेत गळते. एरवी पुढच्या फटीला पेटायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या पाच ते सातपट प्रवाह तिथे पोचत असतो. ही शिल्लक संपत आली की संदेश आधी मंदावतो, मग मधूनमधून चुकतो, शेवटी अडतो. झाकलेल्या पोटॅशियम वाहिन्या उघड्या पडतात आणि गळती आणखी वाढते. उघडा तंतू थोड्या ताणानेही आपणहून पेटू शकतो. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत झिणझिणी जाते, त्या लेर्मिटच्या लक्षणाचं कारण हेच.

उष्णतेचा त्रासही इथेच समजतो. शरीराचं तापमान वाढलं की सोडियम वाहिन्या लवकर मिटतात, प्रत्येक संदेशातला प्रवाह थोडा कमी होतो. शाबूत तंतूला पाचपट शिल्लक असल्याने काही फरक पडत नाही. जेमतेम काठावर चालणारा तंतू मात्र अर्ध्या अंशाच्या वाढीनेही थांबू शकतो. म्हणून गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, ताप आल्यावर किंवा व्यायामानंतर एका डोळ्याला धूसर दिसतं, पाय जड होतात, आणि अंग थंड झालं की तासाभरात पूर्ववत होतं. याला उथॉफचं लक्षण म्हणतात. यात नवीन इजा झालेली नसते, हे पेशंटला स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर माणूस व्यायामच सोडून देतो आणि त्याने नुकसान जास्त होतं. थंड वेळी, थंड जागी, मध्ये थांबत थांबत व्यायाम करावा, पण करावा.

हातापायांच्या नसांचं सांगायचं तर सगळ्यात तातडीचा आजार गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. वर्षाला दर लाख लोकांत एक ते दोन जणांना होतो. बहुतेकदा एक ते सहा आठवड्यांपूर्वी जुलाब किंवा सर्दी-खोकला झालेला असतो. जुलाबांमागे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू वारंवार सापडतो. त्याच्या कवचावरची साखर आपल्या नसेवरच्या साखरेसारखी असते, आणि जंतूवर उठलेल्या ॲंटिबॉडी नसेवर चालून जातात. सुरुवात पायांत मुंग्या, पाठदुखी, जिना चढताना मांड्यांना जोर न येणं अशी होते. मग दिवसागणिक अशक्तपणा वर सरकतो. हातोडीने ठोकल्यावर गुडघ्याचा झटका येईनासा होतो. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ म्हणून दोन-तीन दिवस घालवले जातात ते नेमके इथे.

जीबीएसमध्ये जीव जातो तो श्वासाने किंवा हृदयाच्या लयीने, पायांच्या अशक्तपणाने नाही. साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास पेशंटना व्हेंटिलेटर लागतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये: ऑक्सिजन उतरतो तो अगदी शेवटी, श्वासाचे स्नायू थकून गेल्यावर. त्याआधी कळण्याचा साधा उपाय म्हणजे एका श्वासात मोजणं. पेशंटला छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि सेकंदाला दोन अंक या चालीने मोठ्याने मोजायला लावायचं. निरोगी प्रौढ माणूस 30 च्या पुढे सहज जातो. आकडा 20 च्या खाली आला, किंवा सकाळी 35 होता तो संध्याकाळी 22 झाला, तर अतिदक्षता विभागाची तयारी करायची. आकड्यापेक्षा त्याची घसरण जास्त सांगून जाते, म्हणून दर चार तासांनी लिहून ठेवावा. वॉर्डमध्ये फुप्फुसाची क्षमता मोजता येत असेल तर ती किलोमागे 20 मिलिलिटरच्या खाली गेली की श्वासनलिकेत नळी घालायचा विचार वेळेवर करायचा, घाईगर्दीत नाही. मान उशीवरून उचलता न येणं, खोकला दुबळा होणं, गिळताना ठसका लागणं ही त्याच वाटेवरची लक्षणं. आणि नळी घालताना सक्सिनिलकोलीन हे औषध टाळायचं. दुबळ्या झालेल्या स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय थांबू शकतं.

उपचार दोन, दोन्ही सारखेच गुणकारी. एक, आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन: रोज किलोमागे 0.4 ग्रॅम, पाच दिवस. 60 किलोच्या माणसाला रोज 24, एकूण 120 ग्रॅम. दुसरा, प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव) बदलणं: चार ते पाच वेळा, एक-दोन आठवड्यांत. आयव्हीआयजी देऊन लगेच प्लाझ्मा बदलू नये, दिलेलं औषध धुऊन निघतं. सुधारणा दिसत नाही म्हणून आयव्हीआयजीचा दुसरा कोर्स द्यायची पद्धत होती. 2021 मध्ये आलेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. आणि स्टेरॉइड? जीबीएसमध्ये त्याचा उपयोग नाही. चाचण्यांमध्ये गोळ्या घेतलेल्यांची सुधारणा उलट संथ दिसली. नस सुजली आहे म्हणून स्टेरॉइड, हा तर्क वरवर पटतो, पण तो चुकीचा ठरला आहे.

गंमत अशी की याच नसांचा, याच आवरणाचा, पण आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत जाणारा आजार स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देतो. त्याचं नाव सीआयडीपी. त्यात आयव्हीआयजी, प्लाझ्मा बदलणं आणि स्टेरॉइड, तिन्ही चालतात. म्हणूनच ‘कधीपासून’ आणि ‘किती वेगाने’ हे प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. जीबीएसची घसरण दोन ते चार आठवड्यांत थांबते. थांबलीच नाही, किंवा औषधाने सुधारून तीनदा पुन्हा खाली गेली, तर निदानाकडे परत वळायचं. सीआयडीपीसारखं दिसणाऱ्यांपैकी काहींमध्ये रानव्हिएच्या फटीजवळच्या प्रथिनांविरुद्ध ॲंटिबॉडी असतात, उदाहरणार्थ न्यूरोफॅसिन 155. त्यांना आयव्हीआयजी फारसं लागू पडत नाही, रिटुक्सिमॅब हे ब-पेशी कमी करणारं औषध पडतं. हात थरथरणारा तरुण पेशंट आणि आयव्हीआयजीला प्रतिसाद नाही, असं असेल तर ही तपासणी मागावी.

नसांच्या तपासणीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे चुकीचे रिपोर्ट बरेच निघतात. एनसीएस या तपासणीत नसेला दोन जागी विजेचा हलका झटका देऊन स्नायूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. आवरण गेलं असेल तर वेग कोसळतो; हातात सेकंदाला 38 मीटरच्या खाली गेला तर आवरणाचा दोष धरायचा. कोपराला दिलेला झटका मनगटाच्या झटक्यापेक्षा खूपच लहान उत्तर देत असेल, किंवा उत्तराची लाट पसरट आणि तुटक दिसत असेल, तर आवरण ठिकठिकाणी गेलं आहे. उलट, वेग ठीक पण उत्तर सगळीकडेच लहान असेल तर आतला तंतू गेला आहे. आता घोटाळा कुठे होतो? पेशंट वातानुकूलित खोलीत अर्धा तास बसलेला असतो, हात गार पडलेले. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरनी कमी येतो. 26 अंशांच्या गार हातावर केलेली तपासणी चांगल्या नसेला आजारी ठरवू शकते. हात 32 अंशांपर्यंत कोमट करून मगच तपासावं, आणि रिपोर्टवर तापमानाचा आकडा लिहिलेला असावा. तो नसेल तर विचारावं, त्यात काही वावगं नाही.

दुसरी गफलत दिवसांची. जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात एनसीएस जवळजवळ नॉर्मल येऊ शकतं. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मोजक्याच, हे जीबीएसचं ठसठशीत चिन्ह. पण पहिल्या आठवड्यात कितीतरी जणांत प्रथिनंही नॉर्मल असतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी पाय दिवसेंदिवस दुबळे पडत असतील तर उपचार थांबवायचे नाहीत, तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करायची. पाण्यात पेशी 50 च्या वर असतील तर मात्र जीबीएस सोडून दुसरं काही शोधायचं.

मेंदू आणि मज्जारज्जूकडे वळू. एमआरआयवर ‘पांढरे ठिपके’ दिसले म्हणून लगेच मल्टिपल स्क्लेरोसिस समजू नये. ब्लड प्रेशर, मधुमेह, सिगारेट, मायग्रेन आणि नुसतं वय, या सगळ्यांनी असे ठिपके पडतात. एमएसचे ठिपके त्यांच्या जागेवरून आणि आकारावरून ओळखू येतात: मेंदूतल्या पोकळीला अगदी चिकटून, लंबगोल, पोकळीशी काटकोनात उभे; मेंदूच्या कडेला सालीलगत; लहान मेंदू आणि मेंदूच्या देठात; आणि मज्जारज्जूत, पण तिथे लहान, एका बाजूला. एमएसची वेगळा आजार म्हणून ओळख फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्ये पॅरिसमध्ये पटवून दिली. 2017 च्या निकषांप्रमाणे निदान करताना दोन गोष्टी दाखवाव्या लागत, की आजार एकाहून जास्त जागी आहे आणि एकाहून जास्त वेळा आला आहे. पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (तिथेच तयार झालेल्या ॲंटिबॉडींचे पट्टे) आढळले तर ‘जास्त वेळा’चा पुरावा त्यावरून धरता येई. आणि पेशंटला त्रास काहीच नसताना, डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयवर ठिपके दिसले, तर आयुष्यभराची औषधं सुरू करण्यापूर्वी दुसरं मत घ्यावंच.

एमएस कशाने होतो यावर बरीच वर्षं वाद होता. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीवर लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं की एपस्टाईन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना होऊन जातो आणि एमएस फार थोड्यांना, म्हणजे विषाणू एकटा पुरत नाही. सिगारेट, ड जीवनसत्त्वाची कमतरता, जनुकं हेही लागतं. सिगारेट सोडणं यातलं सगळ्यात हाताशी असलेलं.

एमएसचा झटका म्हणजे 24 तासांहून जास्त टिकलेलं नवीन लक्षण, ताप किंवा संसर्ग नसताना. शेवटचे शब्द महत्त्वाचे. लघवीत जंतुसंसर्ग झाला की जुनीच लक्षणं उफाळून येतात आणि हुबेहूब झटक्यासारखी दिसतात. त्यावर स्टेरॉइड दिलं तर संसर्ग बळावतो. म्हणून आधी लघवीची तपासणी, मग स्टेरॉइड. झटका खरा असेल आणि चालणं, दिसणं अडत असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्याने माणूस लवकर उभा राहतो. अखेरीस किती सुधारेल त्यात मात्र फारसा फरक पडत नाही. हातापायांना नुसत्या मुंग्या असतील तर काही न देता वाट पाहणंही योग्य उपचार आहे. दृष्टीच्या नसेच्या सुजेवर किलोमागे एक मिलिग्रॅम या साध्या मात्रेत नुसत्या गोळ्या देऊ नयेत. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा गोळ्या घेतलेल्यांमध्ये सूज पुन्हा येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

झटके येऊच नयेत यासाठीची औषधं वेगळी. इंटरफेरॉन बीटाला अमेरिकेत 1993 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर ग्लॅटिरामर, डायमिथाइल फ्युमरेट, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब अशी फळीच उभी राहिली. जोरदार औषध उशिरा देण्यापेक्षा लवकर दिलेलं बरं, याकडे आता बहुतेक तज्ज्ञ झुकले आहेत, आणि मलाही ते पटतं. गेलेला तंतू परत येत नाही. पण सुरू करण्यापूर्वी कावीळ बी, क्षयरोग आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती तपासून, लागतील त्या लसी आधी घेऊन ठेवाव्यात. नॅटालिझुमॅबपूर्वी जेसी विषाणूची ॲंटिबॉडी पाहायचीच, कारण हा विषाणू जागा झाला तर तोही मायलिन खातो, आणि तो आजार जीवघेणा आहे. नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. काही आठवड्यांत आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो.

आता उलट पडणाऱ्या औषधाचं सगळ्यात ठळक उदाहरण. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, हा आजार अनेक वर्षं एमएसचाच प्रकार समजला जाई. 2004 मध्ये त्याची स्वतःची ॲंटिबॉडी सापडली आणि चित्र बदललं. ही ॲंटिबॉडी मायलिनवर जातच नाही. ती शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींवरच्या ॲक्वापोरिन 4 या पाण्याच्या वाहिनीवर जाते. मायलिन नंतर, त्या आगीत सापडून जळतं. एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही औषधं एनएमओला बिघडवू शकतात. त्यामुळे एमएसचं औषध सुरू करण्याआधी ज्याच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, किंवा ज्याच्या मज्जारज्जूतला डाग तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब आहे, त्याची ही ॲंटिबॉडी तपासलीच पाहिजे, तीही शक्यतो पेशींवर केल्या जाणाऱ्या पद्धतीने. एलायझा ही साधी रक्तचाचणी काही वेळा चुकते. आणखी एक खूण हमखास निसटते: काही दिवस न थांबणारी उचकी किंवा उलटी. पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात, दुर्बीण होते, ॲसिडिटीची औषधं होतात. डाग असतो मेंदूच्या देठातल्या उलटीच्या केंद्रात.

एनएमओच्या झटक्यात वेळ फार मोलाचा. स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत पुरेसा फरक दिसला नाही तर प्लाझ्मा बदलायला लागायचं, आठवडाभर थांबायचं नाही. एमएसमध्ये पाच दिवसांच्या स्टेरॉइडनंतर गोळ्या सहसा लागत नाहीत. एनएमओमध्ये त्या काही महिने हळूहळू उतरवत न्याव्या लागतात आणि रिटुक्सिमॅब, मायकोफेनोलेट, ॲझाथायोप्रिन किंवा नवीन औषधांपैकी एक कायमचं लागतं. नव्यांपैकी एक्युलिझुमॅब द्यायचं ठरलं तर मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूवरची लस आधी.

मॉग (मायलिनच्या बाहेरच्या थरावरचं एक प्रथिन) याविरुद्धच्या ॲंटिबॉडीचा आजार एमएस आणि एनएमओ या दोघांहून वेगळा. तो लहान मुलांमध्ये जास्त, दृष्टीची नस मुळाशी फुगलेली, स्टेरॉइडला झटपट प्रतिसाद, आणि स्टेरॉइड घाईने उतरवलं की पुन्हा उसळी. कित्येकांना तो एकदाच येतो, म्हणून पहिल्याच झटक्यानंतर कायमचं औषध लावायची घाई करू नये. ॲंटिबॉडीची मात्रा अगदी कमी असेल आणि लक्षणं जुळत नसतील तर तो रिपोर्ट खोटाही असू शकतो.

प्रतिकारशक्तीशी काडीचा संबंध नसलेली दोन कारणं सांगायलाच हवीत, कारण दोन्ही टाळता येतात.

पहिलं ब 12 जीवनसत्त्व. ते नसलं की मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांतलं मायलिन फुगून सुटतं. पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, दोन्ही पायांना एकदमच मुंग्या येतात. रक्तक्षय असायलाच हवा असं नाही, आणि रक्तातली ब 12 ची पातळी काठावर असली तरी आतून कमतरता असू शकते. अशा वेळी मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासतात. नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जारज्जू बिघडत राहतो, म्हणून ब 12 आधी. मज्जारज्जूला इजा असेल तर गोळ्यांवर न राहता इंजेक्शन: हायड्रॉक्सोकोबालामिन एक मिलिग्रॅम दिवसाआड, सुधारणा थांबेपर्यंत, मग दोन महिन्यांतून एकदा. नशेसाठी किंवा वारंवार भुलीसाठी वापरलेला नायट्रस ऑक्साइड वायू ब 12 निकामी करतो, तेव्हा तरुण पेशंटला तो प्रश्न न लाजता विचारावा. ब 12 नॉर्मल आणि चित्र मात्र हेच असेल तर तांबं तपासावं. जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्याने ते कमी होतं.

दुसरं कारण उपचारातून होतं. रक्तातलं सोडियम खूप उतरलेलं असताना ते भराभर वर चढवलं तर मेंदूच्या देठाच्या मध्यभागातलं मायलिन सुटतं. अनेक दिवसांच्या कमी सोडियमशी मेंदूच्या पेशींनी आपल्यातले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतलेलं असतं. बाहेर एकदम खारट झालं की त्या आक्रसतात आणि ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, पोटॅशियम कमी किंवा सोडियम 105 च्या खाली, अशा पेशंटमध्ये 24 तासांत 8 मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही. सोडियम 104 असेल तर उद्या याच वेळेला 112 ही हद्द. घात बहुधा सलाइनच्या बाटलीने होत नाही, लघवीने होतो. उलट्या थांबल्या, शरीरात पाणी भरलं, की मूत्रपिंड अचानक साधं पाणी सोडू लागतं, तासाला शंभर मिलिलिटरच्या वर पातळ लघवी सुरू होते आणि सोडियम आपणहून झेपावतं. म्हणून दर चार-सहा तासांनी सोडियम आणि तासातासाला लघवी मोजायची. हद्द ओलांडली तर डेस्मोप्रेसिन (लघवीतून पाणी जाणं रोखणारं औषध) आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजने ते पुन्हा खाली आणता येतं, पण ते लगेच करावं लागतं. फसवी गोष्ट अशी की सोडियम वाढल्यावर पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, नातेवाइकांना हायसं वाटतं. आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, चारी हातपाय लुळे पडतात.

जन्मजात आजारांवर थोडक्यात. शार्को-मरी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराच्या सगळ्यात मोठ्या प्रकारात 17 व्या गुणसूत्रावरचं पीएमपी 22 हे जनुक दुप्पट होतं. उंच कमानीची पावलं, बारीक पोटऱ्या, लहानपणापासून अडखळणं, आणि एनसीएसमध्ये सगळ्या नसांचा वेग सारखाच मंद. हा सारखेपणा लक्षात ठेवावा. सीआयडीपीमध्ये एक नस बरी, दुसरी वाईट, अशी विषमता असते. अशा पेशंटला कर्करोगासाठी व्हिंक्रिस्टिन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हा आजार आधी सांगावा, त्या औषधाने नसा एकाएकी ढासळतात. मुलांमधल्या ल्युकोडिस्ट्रॉफींत, म्हणजे मेंदूतलं मायलिन बिघडवणाऱ्या जन्मजात आजारांत, आतापर्यंत चांगलं चालणारं-बोलणारं मूल मागे पडू लागतं. काहींत, उदाहरणार्थ ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफीत, लक्षणं फार वाढण्याआधी केलेलं अस्थिमज्जारोपण आजार थोपवतं. म्हणून मोठ्या भावाला तो निघाला तर धाकट्याची तपासणी त्याच आठवड्यात.

आता, मायलिन परत येतं का? येतं. नसांमध्ये चांगलं येतं: श्वान पेशी पुन्हा वाढतात आणि काही आठवडे ते काही महिन्यांत तंतू गुंडाळून टाकतात. नवीन आवरण पहिल्यापेक्षा पातळ आणि तुकडे आखूड, त्यामुळे एनसीएसचा वेग कायमचा थोडा कमी राहू शकतो, पण हातात जोर परत येतो. पेशंट बरा झाला असताना रिपोर्टवरचा आकडा सुधारावा म्हणून औषध वाढवत बसू नये. मेंदूतही राखीव पेशी ऑलिगोडेंड्रोसाइट बनवून नवीन मायलिन घालतात, पण वय वाढेल तसं आणि एकाच जागी वारंवार घाव बसतील तसं हे काम मंदावतं. ‘मायलिन वाढवणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींपैकी कशानेही ते वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. ब 12 चा उपयोग ते कमी असेल तरच.

आतला तंतू तुटला असेल तर हिशेब वेगळा. तो नसेत रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत जायला दोन-अडीच वर्षं लागतात, आणि तोवर स्नायू वाळून जातो. मेंदू-मज्जारज्जूत तर तो वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून अशक्तपणा सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी स्नायूत बारीक सुई घालून तपासणी करून तंतू किती वाचले ते पाहतात, आणि पुढचा अंदाज त्यावर बांधतात. जीबीएसच्या दहापैकी सुमारे आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. राहिलेल्यांचीही सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहू शकते. तोपर्यंत घोट्याला पट्टी लावून पाऊल सरळ ठेवणं, सांधे रोज दोनदा पूर्ण फिरवणं, थकवा येण्याआधी थांबणं, हे कंटाळवाणं काम कुणीतरी नेमाने करायला लागतं. टाचेची शीर एकदा आखडली की तंतू परत आला तरी पाऊल टेकत नाही.

एमएसमध्ये उघड्या पडलेल्या पोटॅशियम वाहिन्या बंद करणारी फॅम्प्रिडिनची गोळी काहींचा चालण्याचा वेग वाढवते, साधारण तिघांतल्या एकाचा. 10 मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने दोनदा, गोळी न तोडता. चालण्याचा वेग आधी घड्याळ लावून मोजावा, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजावा, आणि फरक नसेल तर बंद करावी. आकडी येत असेल किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर ती घेऊ नये, आणि एक गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. जास्त मात्रेने आकडी येते.